भुताची मालिका लावायची तर नाईकांचा वाडा की हिल हाउस?

पावसाळा लागला की कोल्हापुरात रात्रीचं बाहेर पडणं आपोआप कमी होतं. रंकाळ्यावर चक्कर नाही, गंगावेशीत दुधाला थांबणं नाही. जुलैत तर लोक भुतापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीला जास्त भितात: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पातळी उतरली, जेवणं झाली, की मग प्रश्न उरतो काय लावायचं. कुणीतरी म्हणतं, भुताचं काहीतरी बघूया. त्यानंतर रिमोट हातोहाती फिरत राहतो आणि अकरा वाजता सगळे काही न बघताच झोपायला जातात.

हा आढावा अशा घरासाठी आहे. भुताच्या मालिका ढिगानं आहेत. त्यातल्या सगळ्या मी मांडत बसणार नाही. निवडताना तीन गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं: सोबत कोण बसणार आहे, किती रात्री द्यायची तयारी आहे, आणि भूत दिसलंच पाहिजे अशी अट आहे का. शेवटची अट असेल तर निम्म्या चांगल्या मालिका बाद होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन घरं, दोन मयती

झी मराठीवरची 'रात्रीस खेळ चाले' आणि नेटफ्लिक्सवरची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' या दोन्ही शेजारी ठेवून बघाव्यात असं फार कुणाला सुचत नाही. एक सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली, दुसरी अमेरिकेतली. पण गोष्टीची बैठक जवळजवळ एकच. घरात मयत होते, पांगलेली भावंडं पुन्हा एका छपराखाली येतात, आणि जुन्या घरानं जे पोटात ठेवलंय ते वर यायला लागतं.

'रात्रीस'चं पहिलं पर्व २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि त्याच वर्षी संपलं. अण्णा नाईक जातात, तिथून सुरुवात. मुंबईहून थोरला माधव येतो, बायको नीलिमा येते. दत्ता आणि सरिता वाड्यातच असतात. माई आहेत, छाया आहे, लग्न ठरलेला अभिराम आहे, आणि 'इसरलंय' म्हणणारा पांडू आहे. यात भुतापेक्षा जास्त भीती वाटते ती जेवणाच्या पंगतीची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला अण्णांबद्दल काय माहीत आहे, वाटणीचा विषय निघाल्यावर कुणाचा हात ताटात थांबतो, हे ज्यानं घरात एकदा तरी सात-बारा उताऱ्यावरून भांडण ऐकलंय त्याला बरोबर कळतं. नीलिमा प्रत्येक घटनेला कारण विचारते. पाहणाऱ्याच्या डोक्यातले प्रश्न तिच्या तोंडून येतात, म्हणून मालिका निव्वळ अंगात येण्याच्या खेळात घसरत नाही. असं असूनही अंधश्रद्धा पसरवते म्हणून त्या वेळी कोकणातूनच तिच्यावर आक्षेप घेतले गेले होते.

हिल हाउस २०१८ च्या ऑक्टोबरात आलं. माइक फ्लॅनगन यांची मालिका, मूळ आधार शर्ली जॅक्सन यांची १९५९ ची कादंबरी, पण कादंबरीतून घर आणि काही नावं घेऊन बाकी गोष्ट नव्यानं रचलेली. क्रेन कुटुंबातली पाच भावंडं लहानपणी एका उन्हाळ्यात त्या घरात राहिली, आणि मोठी झाल्यावरही ते घर त्यांना सोडत नाही. गंमत म्हणजे इथलीही नीलिमा आहे: थोरला स्टीव्हन. भुतांवर पुस्तकं लिहून पैसे कमावतो, स्वतःचा विश्वास काडीचा नाही, आणि घरच्यांचं दुःख विकल्याबद्दल भावंडं त्याच्यावर खार खाऊन आहेत. थोरली बहीण शर्ली अंत्यविधीचा व्यवसाय चालवते. म्हणजे मृत्यू हा या घराचा रोजचा धंदाच.

आता फरक. हिल हाउसचे दहाच भाग. त्यात गोष्ट सुरू होते, वाढते, संपते. 'रात्रीस' ही रोजची मालिका, म्हणजे आठवड्यातून पाच-सहा रात्री लोकांना थांबवून ठेवायची तिला गरज होती. त्यामुळे एखादं दार उघडायला तीन भाग लागतात, आणि उघडल्यावर आत मांजर असतं. हे सहन होत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पण हाच संथपणा तिची ताकदही आहे. रोज थोडं थोडं बघत गेलं की वाडा पाठ होतो. माजघर कुठं, विहीर कुठं, रात्री कुठल्या खोलीत दिवा असायला हवा. मग तो नसला की कुणी किंकाळी फोडायची गरज उरत नाही. हिल हाउस हेच काम वेगळ्या रीतीनं करतं. तिथं मागच्या अंधारात, जिन्याच्या आडोशाला, दाराच्या काचेपलीकडे माणसं उभी करून ठेवली आहेत. कॅमेरा त्यांच्याकडे बघत नाही, संगीत वाजत नाही, पात्रांनाही पत्ता नसतो. एकदा तुम्हाला एक दिसलं की पुढचे सगळे भाग तुम्ही बोलणाऱ्या माणसाकडे न बघता त्याच्या पाठीमागे बघत राहता.

सहाव्या भागाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बाहेर वादळ, शवपेटीभोवती जमलेलं कुटुंब, आणि कॅमेरा लांबच लांब तुकड्यांत, मध्ये न कापता, या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. नाटकासारखी तालीम करून केलेलं काम आहे. ज्यांना भूतबित काही नको असतं, पण अभिनय बघायची हौस आहे, त्यांनी एवढ्या भागासाठी तरी ही मालिका बघावी. मात्र तो मधूनच उचलून बघण्यात अर्थ नाही. आधीचे पाच बघितल्याशिवाय कोण कुणावर का ओरडतंय तेच कळणार नाही.

भाषेचं काय? 'रात्रीस'ची मालवणी कोल्हापूरच्या कानाला जड जात नाही. चंदगडकडच्या माणसाला तर ती निम्मी घरचीच वाटते. दोन-चार दिवस जातात, मग घरातली पोरंही पांडूसारखं बोलायला लागतात. हिल हाउसला मात्र इंग्रजी संवाद पटापट पकडावे लागतात, कारण भावंडं एकमेकांना तोडून बोलतात आणि अर्धी गोष्ट त्या तोडण्यातच आहे. शिवाय त्यात अशी काही दृश्यं आहेत की सासरे शेजारी बसले असतील तर कुणाला तरी चहा टाकायला उठावं लागतं. आई-आत्या-आजी सोबत असतील तर नाईकांचा वाडा. नवरा-बायको दोघंच, किंवा कॉलेजची पोरं असतील तर हिल हाउस. मला स्वतःला दोन्हींतलं एकच ठेवायचं म्हटलं तर मी हिल हाउस ठेवीन. ते भूत आणि दुःख यांना वेगळं काढूच देत नाही, आणि दहा भागांत थांबायचं शहाणपण त्याच्याकडे आहे.

'रात्रीस'चं दुसरं पर्व ही निराळी चीज आहे. जानेवारी २०१९ मध्ये आलेलं हे पर्व मागं जातं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी त्या वर्षी गावोगावच्या पारावर दुसरा विषय ठेवला नव्हता. पण ती भुताची गोष्ट राहत नाही. एका माजलेल्या माणसाची गोष्ट होते, आणि म्हणूनच ती जास्त पकड घेते. भूत बघायचं म्हणून बसाल तर वाट बघावी लागेल. माणूस बघायला बसाल तर उठणार नाही. तिसरं पर्व, २०२१ चं, मी कुणाला सुचवत नाही. अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं होऊन उघड फिरायला लागली, मधेच शेवंता करणारी नटी बदलली, आणि वाड्याचा दरारा गेला. भूत रोज रात्री भेटायला लागलं की ते शेजारी होतं.

'असंभव' अजून टिकतं का?

टिकतं, पण थोडं समजून घेऊन. २००७ ते २००९ या काळात झी मराठीवर चाललेली ही सतीश राजवाडे यांची मालिका, लेखनाची धुरा चिन्मय मांडलेकर यांच्याकडे. इथं भूत नाही, पुनर्जन्म आहे. शास्त्री कुटुंब, आदिनाथच्या भूमिकेत उमेश कामत, आणि सुलेखा झालेली नीलम शिर्के. मागच्या जन्माचं वैर या जन्मात फेडायला आलेली बाई, हे ऐकायला जुनाट वाटतं. पण नीलम शिर्केनं सुलेखाला ज्या थंड डोक्यानं उभं केलंय त्याला तोड नाही. ती ओरडत नाही. गोड बोलते, पदर सावरते, आणि समोरच्याचं घर उद्ध्वस्त करते. मराठीत खलनायिकेला इतका वेळ आणि इतकी बुद्धी त्याआधी क्वचितच मिळाली असेल.

आज बघताना तांत्रिक बाजू केविलवाणी वाटते. वीज चमकल्यासारखे पांढरे झटके, एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा, पार्श्वसंगीताचा मारा. शुभ्राची भूमिका करणारी नटीही मधेच बदलली, मानसी साळवीच्या जागी ऊर्मिला कानेटकर आली, ते नव्यानं बघणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. ज्यांनी ती त्या काळी बघितली आहे त्यांनी आठवण म्हणून लावावी. नव्या पोरांना सरळ सुलेखाच्या भागांपासून दाखवा, नाहीतर ती मोबाईल काढतील.

नव्या मराठी मालिकांतली 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' २०२२ पासून २०२४ पर्यंत चालली. पुढचं आधी दिसणारी नेत्रा आणि तिच्यासमोर ऐश्वर्या नारकर यांची रूपाली. तिला भयमालिका म्हणण्यापेक्षा देवी-नागांची कौटुंबिक मालिका म्हणावं. भीती शोधत असाल तर इथं नाही.

एकाच रात्रीत संपणारं

सगळ्यांनाच महिनाभर एका वाड्यात अडकायचं नसतं. अशांसाठी जुन्या काळी सुटी गोष्ट असे. झी टीव्हीवरचा 'झी हॉरर शो' १९९३ मध्ये रामसे बंधूंनी आणला, तेव्हा पेठांमध्ये केबल नुकती पोचत होती. एका घरात टीव्ही, आणि दारात गल्लीतली निम्मी पोरं. सोनीवरची 'आहट' १९९५ ची, बी. पी. सिंग यांची, म्हणजे पुढं 'सीआयडी' काढणाऱ्यांचीच. दोन्हींत फरक मोठा. रामशांकडे हवेली, धूर, लाल-हिरवा उजेड आणि कुजलेला चेहरा, सगळं सढळ हातानं. 'आहट'च्या सुरुवातीच्या काळात मात्र साध्या फ्लॅटमधली माणसं, ऑफिस, लिफ्ट, फोन. काही गोष्टींत तर भूत नसायचंच, माणसानंच माणसाला मारलेलं असायचं, आणि ते शेवटपर्यंत कळायचं नाही. ही अनिश्चितता होती म्हणून भीती होती. पुढच्या पर्वांत संगणकानं काढलेली भुतं आली आणि भीती गेली. आज निवडायचं तर 'आहट'ची पहिली पर्वं घ्या. रामशांचं हसायला म्हणून, मित्र जमल्यावर, भडंग घेऊन.

नव्यातलं 'घोल' फक्त तीन भागांचं आहे, २०१८ चं. राधिका आपटे आणि मानव कौल. एका गुप्त लष्करी कोठडीत आणलेला कैदी, आणि तिथं असलेल्या प्रत्येकाचं पाप त्याला माहीत. एका बैठकीत संपतं. रक्तपात आहे, आणि राज्यव्यवस्थेबद्दलचं बोलणं सरळ आहे. विरंगुळा म्हणून लावाल तर झोप उडेल. सुजॉय घोष यांचं 'टाइपरायटर' (२०१९, पाच भाग) याच्या उलट टोकाला: गोव्यातला बंगला, भूत शोधायला निघालेली शाळकरी पोरं, जुनं टंकलेखन यंत्र. सातवी-आठवीतल्या मुलांना पुढं बसवून बघता येतं, पण एकदोन ठिकाणी डोळ्यांवर हात ठेवायची तयारी असू द्या.

२०२५ च्या 'खौफ'बद्दल सावधपणे सांगतो. आठ भाग, दिल्लीतलं नोकरदार मुलींचं हॉस्टेल, ग्वाल्हेरहून आलेली मधू आणि तिला मिळालेली एक खोली. अलीकडे हिंदीत आलेल्यांपैकी हे सगळ्यात पक्कं काम आहे, आणि त्यातली खरी भीती खोलीत नाही, बसमध्ये, रस्त्यावर, ओळखीच्या पुरुषांत आहे. घरातली पोरगी नुकतीच पुण्याला नोकरीसाठी हॉस्टेलवर गेली असेल तर तिच्या आईसोबत हे बघू नका. तिला रात्री दहा वेळा फोन जातील.

'सत्य घटना' म्हणणारे

या प्रकाराचे चाहते पुष्कळ आहेत, आणि मला त्यांच्याशी भांडायचं आहे. झी टीव्हीची २०१२ ची 'फिअर फाइल्स' स्वतःला 'डर की सच्ची तस्वीरें' म्हणवून घ्यायची. अमेरिकेत २००४ पासून 'घोस्ट हंटर्स' होती, दिवसा नळ दुरुस्त करणारे दोन प्लंबर रात्री यंत्रं घेऊन भुतं शोधायचे. ब्रिटनमध्ये २००२ पासून 'मोस्ट हाँटेड'. तिघांचा साचा एक: अंधार, हिरवट चित्र, 'तू ऐकलंस का?' असं कुजबुजणं, आणि जाहिरात.

त्यांच्या हातातलं ते ईएमएफ मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं, भूत नव्हे. आपल्या मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात, उघड्या वायरिंगच्या बोर्डाजवळ ते धरा, चांगलं बोंबलेल. ध्वनिमुद्रणात ऐकू येणारे 'आवाज' म्हणजे खरखरीतून शब्द शोधायची मेंदूची सवय. पडद्यावर आधी वाक्य लिहून दाखवलं की तेच ऐकू येतं. 'मोस्ट हाँटेड'मध्ये तर २००५ साली मजाच झाली. कार्यक्रमातल्याच परामानसशास्त्रज्ञानं एक खोटं नाव तिथल्या माध्यमाच्या, म्हणजे अंगात आत्मा येतो म्हणणाऱ्या माणसाच्या, कानावर जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्या माध्यमाच्या अंगात त्याच नावाचा, कधीही न जन्मलेला माणूस आला. ते नाव म्हणजे माध्यमाच्याच नावाला 'बनावट' असं जोडून अक्षरं उलटसुलट केलेली होती. ब्रिटनच्या प्रसारण नियामकानंही त्याच वर्षी हा कार्यक्रम करमणुकीचा आहे, खरा शोध नव्हे, असं ठरवलं.

माझा आक्षेप खोटेपणाला नाही, भीती न वाटण्याला आहे. 'हे खरं आहे' म्हटल्यावर आपण पुरावा तपासायला बसतो, आणि तपासणारा माणूस घाबरत नाही. गोष्ट म्हणून सांगितली की आपण विश्वास उसना देतो. याला एक झकास अपवाद आहे: बीबीसीनं ३१ ऑक्टोबर १९९२ ला दाखवलेला 'घोस्टवॉच'. लिहिलेलं नाटक, पण मांडणी थेट प्रक्षेपणाची, आणि सूत्रसंचालक मायकल पार्किन्सन, म्हणजे लोकांच्या रोजच्या ओळखीचा, भरवशाचा चेहरा. कितीतरी लोकांना ते खरंच घडतंय असं वाटलं, बीबीसीवर तक्रारींचा पाऊस पडला, आणि बीबीसीनं तो पुन्हा कधी दाखवला नाही. 'सत्य घटना' वाल्या सगळ्यांच्या बदल्यात तो एकटा मिळवून बघावा.

आपल्या गावाला हा वाद नवा नाही. गोविंद पानसरे इथलेच. होळीला शेणी जाळण्याऐवजी पंचगंगा स्मशानभूमीला दान करणारी मंडळंही इथलीच. आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिकटीवर लिंबू, नारळ, उतारा पडलेला दिसतो, तोही इथंच. त्याला वळसा घालून जाणारे मोटारसायकलवाले मी दर वेळी बघतो. तेव्हा घरात एक चळवळीतला काका आणि एक उतारा टाकणारी मावशी अशी जोडी असेल, तर 'फिअर फाइल्स' लावलीत की कार्यक्रम बाजूलाच राहील. त्या घराला 'द एक्स-फाइल्स' चालेल. १९९३ ची, विश्वास ठेवणारा मल्डर आणि पुरावा मागणारी स्कली; दोघांनाही आपापलं माणूस मिळतं. भाग सुटे आहेत, परग्रहवासीयांचे गुंतागुंतीचे वगळून राक्षसांचे तेवढे निवडले तरी भागतं.

पोरं लहान असतील तर

फार विचार करू नका. 'स्कूबी-डू' १९६९ पासून एकच गोष्ट सांगतंय: भुताचा मुखवटा ओढला की आत जमीन लाटायला निघालेला माणूस. आपल्याकडे हे पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही. आणि रामानंद सागर यांचं १९८५ चं 'विक्रम और बेताल' आहेच. अरुण गोविलांचा राजा, सज्जन यांचा पाठीवरचा वेताळ. तंत्र अगदी भाबडं, पण शेवटी प्रश्न येतो आणि घरातले सगळे उत्तरावरून भांडतात, ते आजच्या कुठल्याही मालिकेत होत नाही. आजीला गोष्टी आधीच माहीत असतात. तिला उत्तर आधी सांगू देऊ नका.

क्रम विचाराल तर असा: हाताशी दोन आठवडे असतील तर हिल हाउस, रात्री एक भाग, पाचवा आणि सहावा मात्र लागोपाठ. मधे पोरांसाठी रविवारी वेताळ. नाईकांचं पहिलं पर्व त्यानंतर, आणि दुसऱ्याला गणपती उरकल्याशिवाय हात घालू नका, कारण ते सुरू झालं की दिवाळीचा फराळ करायलाही घरातून कुणी वेळेवर उठणार नाही.